जनुकशमन, लोहसंकेत आणि जव्हार-मोखाड्यातील सिकलसेल रुग्ण

एखाद्या जनुकाचा आविष्कार हेतुतः थांबवावा आणि त्यामुळे पेशीच्या वर्तनात कोणता पालट होतो ते पाहावे, ही पेशीसंकेतनाच्या अभ्यासाची आजची सर्वमान्य रीत आहे. या रीतीने मिळालेल्या निष्कर्षांची संख्या एवढी वाढली आहे की, त्यांतील प्रत्येक निष्कर्ष कोणत्या पेशींवर, कोणत्या पोषणद्रवात आणि कोणत्या अवस्थेत काढला गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केला आहे. उदाहरण आहे तांबड्या पेशींच्या पूर्वपेशींतील एच.आर.आय. या कायनेज एंझाइमाचे. आणि ज्यांच्या संदर्भात ते तपासावयाचे ते रुग्ण आहेत पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील. हा संदर्भ केवळ स्थानिक जिव्हाळ्यापोटी निवडलेला नाही. सिकलसेलचे जनुक आणि लोहाची उणीव ही दोन्ही जेथे एकाच शरीरात एकत्र नांदू शकतात, तेथेच या संकेतमार्गाविषयीच्या प्रचलित मताची खरी परीक्षा आहे.

जनुकशमनाचा इतिहास विस्ताराने सांगण्याचे येथे कारण नाही. १९९० साली पेटुनियाच्या फुलांचा रंग अधिक गडद करण्याच्या हेतूने रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत वनस्पतीत घातली असता काही फुले उलट पांढरी निघाली. द्विसूत्री आर.एन.ए. हा अशा शमनाचा कळीचा प्रेरक आहे, हे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी सूत्रकृमीवरील प्रयोगांनी दाखविले, आणि २००६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. दरम्यान २००१ मध्ये सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचे लघुखंड वापरून सस्तन प्राण्यांच्या पेशींतही हे साधता येते असे सिद्ध झाले. त्यानंतरच्या दशकात क्रिस्परचे तंत्र आले. व्यवहारात या सर्वांना एकाच नावाने संबोधण्याची प्रवृत्ती आहे, पण ती सोयीची असली तरी शास्त्रशुद्ध नाही. लघु आर.एन.ए. संदेशवाहक रेणूवर प्रहार करतो, त्यामुळे प्रथिनाचा काही अंश पेशीत शिल्लक राहतो. क्रिस्परने जनुकच छेदले तर काहीही शिल्लक राहत नाही. पहिली क्रिया औषधाच्या परिणामाशी बरीच मिळतीजुळती, तर दुसरी जन्मजात उणिवेशी. संकेतनाच्या अभ्यासात हा भेद गौण नाही, कारण अनेक संकेत ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा भाषेत बोलत नसून ‘किती’ या भाषेत बोलतात.

सिकलसेल रोगात बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सुटल्यावर असे हीमोग्लोबिन लांब तंतूंच्या रूपाने गोळा होते आणि पेशी विळ्याच्या आकाराची बनते. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन या तंतूंच्या बांधणीत अडथळा आणते. म्हणून ज्या रुग्णाच्या रक्तात ते जन्मानंतरही अधिक राहते त्याचा रोग सौम्य असतो. गर्भीय हीमोग्लोबिनचे दमन प्रौढ पेशीत कोण करते, हा म्हणूनच या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न ठरला. २००८ साली विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व त्यांचे सहकारी यांनी बी.सी.एल. ११ ए या प्रथिनाचे शमन लघु आर.एन.ए.च्या साहाय्याने करून गर्भीय हीमोग्लोबिन वाढते असे दाखविले. हेच शमन रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशींत घडवून त्या परत देण्याचा उपचार सहा रुग्णांवर केल्याचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकशमनाच्या एकूण वाङ्मयात एवढी सलग आणि फलदायी परंपरा विरळाच.

परंतु बी.सी.एल. ११ ए हे केंद्रकात वावरणारे प्रथिन आहे. त्याला साध्या गोळीने आवर घालणे कठीण. मूलपेशींचा उपचार प्रचंड खर्चाचा, आणि त्यासाठी रुग्णाला मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात दीर्घ काळ राहावे लागते. पावसाळा संपताच वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे निघणाऱ्या वारली किंवा कातकरी कुटुंबाला तो कसा पेलावा? जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जे पोहोचू शकते ते गोळीच्या रूपानेच. हायड्रॉक्सीयुरिया ही अशी एक गोळी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तथापि तिचा प्रतिसाद सर्वांत सारखा नसतो, आणि रक्तपेशींची गणना वारंवार करावी लागते. कायनेज एंझाइमे मात्र लहान रेणूंनी अडविता येतात. तेव्हा गर्भीय हीमोग्लोबिनचे दमन करणारे एखादे कायनेज सापडले तर औषधाचा मार्ग मोकळा होईल, या आशेने शोध सुरू झाला यात नवल नाही.

२०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्रेव्हेट व सहकाऱ्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला तो या शोधाचे फलित होय. गर्ड ब्लोबेल व जुनवेई शी यांच्या मार्गदर्शनाखाली फिलाडेल्फियात झालेल्या या कामात कायनेजांच्या क्रियाशील भागांना एकेक करून क्रिस्परने छेद देण्यात आला, आणि गर्भीय हीमोग्लोबिन कोठे वाढते ते पाहण्यात आले. चाळणीतून एच.आर.आय. वर आले. त्याचा लोप केला असता गर्भीय हीमोग्लोबिन लक्षणीय वाढले, संवर्धित पेशींचे विळ्याच्या आकारात जाणे कमी झाले, आणि बी.सी.एल. ११ ए चे प्रमाणही घटले. या घटीने परिणामाचा केवळ काही भाग समजावता येतो, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. प्रयोगांची आखणी काटेकोर आहे. नामवंत नियतकालिकातील निबंधाला आपोआप मिळणारा आदर बाजूला ठेवून वाचले तरी तो उत्तम ठरतो. आक्षेप घ्यावयाचा तो या निबंधापेक्षा त्याच्या पुढे जे झाले त्यावर.

एच.आर.आय. हे मुळात हीमचे प्रमाण ओळखणारे एंझाइम आहे. हीम पुरेसे असेल तर ते स्वस्थ असते. लोह कमी पडून हीम घटले की जागृत होते आणि ई.आय.एफ. २ आल्फा या प्रथिनावर फॉस्फेट चढविते. त्यामुळे पेशीतील बहुतेक प्रथिनसंश्लेषण मंदावते, पण ए.टी.एफ. ४ यासारख्या मोजक्या प्रथिनांचे उत्पादन उलट वाढते. हीमवाचून ग्लोबिन तयार होत राहिले तर ते पेशीत साचून तिचा घात करते; म्हणून घरात सरपण नसेल त्या दिवशी पीठ भिजवू नये, तशी ही व्यवस्था आहे. हीमच्या अभावी ग्लोबिनचे उत्पादन थांबते ही गोष्ट आयर्व्हिंग लंडन यांच्या प्रयोगशाळेने १९६० च्या दशकातच दाखविली होती. एवढ्या जुन्या आणि एवढ्या पक्क्या ज्ञानाचा नव्या चर्चेत केवळ प्रास्ताविकापुरता उल्लेख व्हावा, हे खटकते.

२०२० मध्ये त्याच प्रयोगशाळेतून आलेल्या निबंधात एच.आर.आय., त्यापुढे ए.टी.एफ. ४, त्यापुढे बी.सी.एल. ११ ए आणि शेवटी गॅमा-ग्लोबिन असा एकरेषीय संकेतमार्ग मांडण्यात आला. ‘एकरेषीय’ हा शब्दच येथे तपासला पाहिजे. शमनाच्या प्रयोगात एक कडी काढली की पुढची ढळते; तिला जोडून दुसरी कडी काढली की तिसरी ढळते. अशा निरीक्षणांची मालिका कागदावर रेषेसारखी दिसते, पण ती रेषा पेशीची आहे की प्रयोगकर्त्याने निवडलेल्या क्रमाची? त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने बीटा-ग्लोबिनच्या लोपानंतरचे बदल अभ्यासून ए.टी.एफ. ४ चा परिणाम एम.वाय.बी. या वेगळ्या घटकामार्फत होतो असे मांडले. त्याहीपूर्वी, २०१३ मध्ये, हान व लोरी यांनी नेमके उलट टोक दाखविले होते: सॅल्युब्रिनल हे द्रव्य वापरून ई.आय.एफ. २ आल्फावरील फॉस्फेट टिकवून धरले असता मानवी पूर्वपेशींत गर्भीय हीमोग्लोबिन वाढले, आणि तेही संदेशवाहक रेणूंची संख्या न वाढता. म्हणजे संकेत वाढविला तरी गर्भीय हीमोग्लोबिन वाढते, आणि संकेत तोडला तरीही वाढते.

हा विरोध दोन तऱ्हांनी मिटविता येईल. एक, संकेत थोडा वेळ वाढविणे व कायमचा तोडणे या भिन्न घटना आहेत, आणि पेशीच्या परिपक्वतेच्या भिन्न टप्प्यांवर त्यांचे फळ भिन्न असू शकते. दोन, मूळ संबंधच सरळ नसून मधल्या पातळीला खोलगट असा आहे. दोन्ही बाजूंना गेले तरी चढण लागते. यांपैकी कोणते खरे हे आज सांगता येत नाही. पण दोन्ही खरी ठरली तरी रेषेची कल्पना टिकत नाही. शिवाय एच.आर.आय. केवळ हीमचेच ऐकते असेही नाही. २०२० साली दोन स्वतंत्र गटांनी, त्यांतील एकाने जनुकशमनाच्याच व्यापक चाळणीने, असे दाखविले की सूत्रकणिकेवर ताण आला असता डी.ई.एल.ई. १ हे प्रथिन बाहेर येऊन एच.आर.आय.ला जागे करते. आणि लोहाच्या कमतरतेशीही या मार्गाचा संबंध असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले. अनेक वाटा जेथे मिळतात त्या जागेला नाका म्हणावे, रस्ता म्हणू नये.

साधनाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ई.आय.एफ. २ आल्फावर फॉस्फेट चढविणारी कायनेजे सस्तन पेशीत चार आहेत. एच.आर.आय. हीमची उणीव ओळखते, जी.सी.एन. २ अमिनो आम्लांची, पी.ई.आर.के. प्रथिनांच्या घडीतील बिघाड, आणि पी.के.आर. द्विसूत्री आर.एन.ए. हे शेवटचे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या द्रव्याने एका भावंडाचे तोंड बंद करावयाचे तेच द्रव्य दुसऱ्या भावंडाला हाक मारू शकते! तीस बेसजोड्यांपेक्षा लांब द्विसूत्री आर.एन.ए. वापरू नये ही खबरदारी याचसाठी रूढ झाली. तरीही लघुखंडांनी व शमनवाहकांनीसुद्धा इंटरफेरॉनची प्रतिक्रिया उठू शकते असे २००३ मध्येच दोन निबंधांनी दाखविले होते. त्याच वर्षी लघुखंड इच्छित जनुकाबाहेरील इतर अनेक जनुकांनाही दाबतात हेही स्पष्ट झाले. तेव्हा एच.आर.आय.च्या मार्गाचा अभ्यास लघु आर.एन.ए.ने करणाऱ्याने निदान दोन स्वतंत्र खंड वापरणे, शमनास दाद न देणारी जनुकाची प्रत परत घालून परिणाम पुसला जातो की नाही ते पाहणे, आणि पी.के.आर. निद्रिस्त असल्याचा पुरावा देणे एवढे तरी केलेच पाहिजे. पदव्युत्तर प्रबंधांत पहिली दोन पथ्ये कधीकधी पाळलेली आढळतात, तिसरे क्वचितच.

मुख्य मुद्दा मात्र पोषणद्रवाचा आहे. प्रयोगातील पेशी, मग त्या जपानमध्ये नाळेच्या रक्तापासून घडविलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हुडेप-२ या वंशाच्या असोत किंवा दात्याकडून आलेल्या, भरपूर लोहभारित ट्रान्सफेरिन असलेल्या द्रवात वाढविल्या जातात. निरोगी माणसाच्या रक्तात ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता सुमारे एक-तृतीयांश असते. लोहन्यूनतेत ती १६ टक्क्यांखाली जाते. प्रयोगातील द्रवात वापरावयाचे ट्रान्सफेरिन जवळजवळ पूर्ण संपृक्त असते. हीमची उणीव ओळखणाऱ्या एंझाइमाचा अभ्यास जेथे हीमची उणीव कधी भासूच नये अशा ठिकाणी केला जातो, आणि मग त्याच्या लोपाने पेशीचे काही बिघडले नाही असा दिलासा दिला जातो. पहारेकऱ्याला सुट्टी दिल्यावर त्या रात्री चोरी झाली नाही, यावरून पहाऱ्याची गरज नाही असे कोणी म्हणत नाही.

या शंकेला प्रायोगिक आधार आहे, आणि तो २००१ सालचा आहे. जेन-जेन चेन यांच्या गटाने एच.आर.आय.-हीन उंदीर तयार केले. नेहमीच्या आहारावर त्यांच्यात फारसे वैगुण्य दिसले नाही. आहारातील लोह काढून घेताच चित्र पालटले. सामान्य उंदरांत लोहाभावी तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात, पण टिकतात. एच.आर.आय.-हीन उंदरांत पेशी लहान झाल्या नाहीत, उलट त्यांच्यात हीमोग्लोबिन दाटले. हीमविरहित ग्लोबिनचे साके जमले, अस्थिमज्जेत व प्लीहेत पूर्वपेशी मरू लागल्या आणि रक्तक्षय तीव्र झाला. लोहन्यूनतेत पेशी लहान व फिकी होणे हे आजवर केवळ रोगाचे लक्षण समजले जात होते. तो शरीराचा बचाव आहे, हा या प्रयोगाचा अर्थ.

सिकलसेलच्या दृष्टीने याचा आणखी एक परिणाम संभवतो. तंतूंची बांधणी पेशीतील हीमोग्लोबिनच्या दाटपणावर कमालीची अवलंबून असते. दाटपणा थोडा वाढला तरी बांधणीचा वेग अनेक पटींनी वाढतो. लोहाभावी फिकी झालेली पेशी त्या मानाने सुरक्षित. एच.आर.आय. अडविणारे औषध अशा रुग्णाला दिले तर एकीकडे गर्भीय हीमोग्लोबिन वाढेल, दुसरीकडे पेशीतील दाटपणाही वाढू शकेल. यांतील कोणते पारडे जड होईल याविषयी आज केवळ तर्कच करता येतो. पण विपुल लोहाच्या द्रवात केलेला प्रयोग त्याचे उत्तर देऊ शकत नाही, एवढे निश्चित.

उंदरावरील निष्कर्ष माणसास लागू करता येणार नाहीत, असा प्रतिवाद होऊ शकेल. २०२० च्या निबंधातच उंदरात एच.आर.आय.च्या लोपाने बी.सी.एल. ११ ए घटत नाही असे दाखविलेले आहे. पण हा भेद एका शाखेपुरता, ए.टी.एफ. ४ ज्या जागी बसते त्या प्रवर्धकाच्या रचनेपुरता आहे. हीम व ग्लोबिन यांचा तोल राखण्याचे एच.आर.आय.चे मूळ कार्य सशाच्या रक्तापासून अभ्यासिले गेले आहे, आणि ते माणसात नसेल असे मानण्यास कारण नाही. उंदीर गर्भीय हीमोग्लोबिनच्या बाबतीत मार्गदर्शक नाही; लोहन्यूनतेच्या बाबतीत त्याची साक्ष सहज फेटाळता येत नाही.

आता जव्हार-मोखाड्याचा विचार. कोळी राजांचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले; पुढे हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी ही येथील मुख्य वस्ती. डोंगरउतारावरची नागली, वरई आणि भात ही पिके. नागलीत लोह आहे, पण फायटेटांमुळे त्याचे शोषण अल्प होते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी येथील कुपोषणाकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले, आणि त्यानंतरही हा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. पश्चिम भारतातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते हे अनेक पाहण्यांनी सिद्ध आहे. सिकलसेल रुग्णाच्या शरीरात लोह नेहमी जास्तच असते, हा पाश्चात्त्य ग्रंथांतील समज वारंवार रक्त मिळणाऱ्या रुग्णांवरून आलेला आहे. भारतातील सिकलसेल रुग्णांत लोहन्यूनताही आढळते असे मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात दिसून आले. अन्नातील प्रथिनांचीही उणीव असेल तर चार कायनेजांपैकी जी.सी.एन. २ हेदेखील जागे असण्याचा संभव आहे. म्हणजे प्रयोगशाळेत जो नाका निर्मनुष्य ठेवून अभ्यासिला, तेथे या रुग्णांत एकाच वेळी दोन वाटांनी वर्दळ चालू असावी.

आणखी एक वेगळेपण जनुकाच्या पार्श्वभूमीचे. भारतीय आदिवासींतील सिकलसेल जनुक प्रायः अरब-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुणसूत्रखंडावर असते, आणि त्या खंडावर गॅमा-ग्लोबिनच्या प्रवर्तकात -१५८ या स्थानी असा बदल असतो की ज्याचा संबंध अधिक गर्भीय हीमोग्लोबिनशी जोडला जातो. ज्याचे गर्भीय हीमोग्लोबिन मुळातच वरच्या पातळीवर आहे त्याच्यात एच.आर.आय.च्या शमनाने आणखी किती भर पडेल, हे अन्य वंशाच्या पेशींवरून ठरविता येणार नाही. भर अल्प आणि लोहन्यूनतेतील हानी मोठी, असा विषम सौदा या रुग्णांच्या वाट्याला येऊ नये, हीच या साऱ्या चिकित्सेमागील खरी चिंता आहे.

अशा परिस्थितीत कोणता प्रयोग करावा? काही मिलिलिटर रक्तातूनही तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी वाढविता येतात, आणि जव्हारहून नमुना त्याच दिवशी मुंबईस पोहोचू शकतो. त्याच व्यक्तीच्या पेशी विपुल, सामान्य व न्यून अशा निरनिराळ्या लोहसंपृक्ततेत वाढवून प्रत्येक पातळीवर एच.आर.आय.चे अंशतः शमन करावे, पूर्ण उच्छेदन नव्हे, आणि गर्भीय हीमोग्लोबिनबरोबरच ग्लोबिनचे साके, पेशीतील दाटपणा व पेशींचा मृत्यूही मोजावा. रुग्णाची लोहस्थिती ठरविणे हे त्याहून अवघड काम आहे. फेरिटिन हे दाहामुळे वाढते आणि सिकलसेलमध्ये दाह असतोच. विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राहक आणि झिंक प्रोटोपॉर्फिरिन हे दोन्ही तांबड्या पेशींचे उत्पादन वाढले की लोह पुरेसे असतानाही चढू शकतात. एकाच मोजमापावर विसंबून रुग्णांची वर्गवारी करणारे अध्ययन म्हणून आरंभीच लंगडे ठरेल. ट्रान्सफेरिनची संपृक्तता, फेरिटिन व दाहाचा एक निर्देशक अशी तीन मापे तरी एकत्र घ्यावी लागतील.

याखेरीज एक कसोटी अशी आहे की, तिला जनुकशमनाची गरजच नाही. एकरेषीय मत खरे असेल तर लोहन्यूनतेत एच.आर.आय. जागृत असल्याने गर्भीय हीमोग्लोबिन दबलेले असावे, आणि लोह दिल्यावर ते वाढावे. हान व लोरी यांच्या निरीक्षणावरून याच्या उलट अपेक्षा निघते. ज्या सिकलसेल रुग्णांत लोहन्यूनता खात्रीने सिद्ध झाली आहे त्यांना वैद्यकीय देखरेखीखाली लोह दिले जाते तेव्हा, उपचारापूर्वी आणि तीन-चार महिन्यांनी तांबड्या पेशींचा संच नवा झाल्यावर, गर्भीय हीमोग्लोबिन मोजले तर या दोन भाकितांतील निवाडा होऊ शकेल. अशा नोंदीत हायड्रॉक्सीयुरिया सुरू असलेले रुग्ण वेगळे काढावे लागतील, मधल्या काळात रक्त दिलेले वगळावे लागतील, आणि आदिवासी समाजांत वारंवार आढळणाऱ्या आल्फा-थॅलासेमियाची तपासणी प्रत्येकाची करावी लागेल. वीटभट्टीवर गेलेला रुग्ण तीन-चार महिन्यांनी पुन्हा भेटेलच असे नाही. तेव्हा नोंदीचा आरंभ पेरणीच्या सुमारास, गावात माणसे असताना, करणे सोयीचे.